आधी अर्थ, मग चहा

दामलेबाईंच्या कंटेनरातल्या ऑफिसात नवा माणूस शिरला की त्याला चहा मिळत नसे, प्रश्न मिळे. "नाव काय?" माणूस नाव सांगे. "म्हणजे काय?" इथे बहुतेक जण अडकत. किटली बाईंच्या ताब्यात असे. नावाचा अर्थ सांगितल्याखेरीज, किंवा निदान 'ठाऊक नाही' असं कबूल केल्याखेरीज, तिच्यावरचा हात त्या काढत नसत. "आधी अर्थ, मग चहा," हे त्यांचं वाक्य कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या त्या साइटवर मराठीचा गंध नसलेली माणसंही म्हणू लागली होती.

मी नाशिकहून नुकताच आलो होतो. "तुषार निकम," मी सांगितलं.

"तुषार म्हणजे?"

"पाण्याचे थेंब."

"संस्कृतात तुषार म्हणजे हिमसुद्धा. कडाक्याची थंडी." त्यांनी किटली माझ्याकडे सरकवली. "ऐन जूनमध्ये कुवेतला बरं नाव घेऊन आलास!" त्यानंतर मात्र त्यांनी मला कधी तुषार म्हटलं नाही. त्यांच्यासाठी मी कायम 'निकम'च राहिलो.

आमची कंपनी स्पॅनिश. रिफायनरीच्या एका युनिटची मोठी दुरुस्ती तिच्याकडे होती आणि मी कामाचं वेळापत्रक सांभाळत होतो. नकाशे, सूचना, तपासणीचे अहवाल सगळं स्पॅनिशमध्ये येई. ते इंग्रजीत आणणं आणि बैठकीत दुभाष्याचं काम करणं ही बाईंची नोकरी. पुण्यात त्यांनी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं होतं. यजमान इथल्या तेलाच्या धंद्यात म्हणून त्या कुवेतला आल्या, आणि मंगफच्या फ्लॅटमध्ये बसून राहणं जमेना म्हणून साइटवर आल्या. पन्नाशी ओलांडलेली किडकिडीत मूर्ती, पंजाबी ड्रेसवर नारिंगी जाकीट, पायांत एक नंबर मोठे सेफ्टी शूज आणि पांढऱ्या हेल्मेटखालून बाहेर आलेली करडी वेणी. आवाज बारीक, पण धारदार. जनरेटर सुरू असतानाही तो पलीकडच्या कंटेनरात ऐकू जाई.

सकाळच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसत. बाहेर तोज उठलेला असे, म्हणजे इथली ती पिवळी धूळ. रस्ता दिसत नसे, आणि बाई शब्दांचा प्रवास सांगत असत. आपली शर्करा अरबांकडे जाऊन सुक्कर झाली आणि स्पेनला पोचून आसूकार. नारिंग तिकडे नारांखा झालं. आपण 'फलाना माणूस' म्हणतो, ते लोक 'फुलानो' म्हणतात. दोघांनीही तो अरबांकडून उचलला. इथे प्रत्येक दुकानामागे मखजन असतं, सामान साठवायचं. स्पॅनिश लोक कोठाराला 'आल्मासेन' म्हणतात, तो हाच अल-मखजन. "शब्दाला गाव असतं, निकम. गाव विचारल्याशिवाय घरात घ्यायचं नाही." त्यांचा मुलगा फोनवर इंग्रजीत बोले. त्या मराठीत उत्तर देत आणि फोन ठेवल्यावर म्हणत, "ह्याचं गाव आता कुठलं लिहायचं?"

स्पॅनिश नावांवर त्यांचा विशेष जीव. तिकडे मुलींना मेरीमातेच्या बिरुदांवरून नावं देतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दोलोरेस म्हणजे वेदना, सोलेदाद म्हणजे एकटेपण, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, पिलार म्हणजे चक्क खांब. "पोरीला वेदना म्हणून हाक मारायची, आणि ती हसत येते," बाई म्हणत. "ह्याला म्हणतात श्रद्धा."

आमच्या मखजनात सोकोरो नावाची फिलिपिनी बाई होती. तिचा देश स्पेनच्या ताब्यात होता, तेव्हाची ही नावं तिकडे रुजली आहेत. सोकोरो म्हणजे मदत, संकटात धावून येणारी. बोल्ट हवे, गॅस्केट हवं, हातमोजे हवे की जो तो वायरलेसवर तिला बोलावी. सगळे संदेश रेडिओच्या केबिनमध्ये बसलेल्या इक्बालच्या हातून जात. इक्बाल रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. त्याने चहा पहिल्या फटक्यात मिळवला होता. "इक्बाल म्हणजे भाग्य, बाई. पण भाग्य कुवेतात आणि बायकापोरं रत्नागिरीत." बाईंना तो आवडे. एकदा त्या त्याला हसून म्हणाल्या, "दिवसभर सगळी साइट 'मदत, मदत' म्हणून ओरडते, आणि एकालाही पत्ता नाही!" आम्ही तिघेही हसलो होतो.

मग दोन तोमास एक्स्पोसितो आला. 'दोन' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. साठीचा, ताठ, दक्षिण स्पेनमधला माणूस. बंद टाक्यांच्या आत उतरून पोलादाची तपासणी करणं हे त्याचं काम. जुन्या वळणाचा इतका, की मखजनातल्या सोकोरोलाही 'दोन्या सोकोरो', म्हणजे 'सोकोरोबाई', म्हटल्याशिवाय बोलत नसे. पहिल्याच दिवशी प्रकल्पाचा व्यवस्थापक रोब्लेस त्याला चहाला घेऊन आला. कंटेनर भरलेला होता. बाईंनी आडनाव ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"अर्थ ठाऊक आहे?" त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगून टाकलं: एक्स्पोसितो म्हणजे बाहेर ठेवलेलं. अनाथालयाच्या दाराशी सोडून दिलेल्या मुलांना पूर्वी हे आडनाव देत असत. फार जुनं नाव, फार रंजक.

दोन तोमासने कप खाली ठेवला. "बाई, माझ्या आडनावाचा अर्थ मला ठाऊक आहे," तो शांतपणे म्हणाला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्यानंतर तो बाईंशी बोलला नाही. एकाच साइटवर, एकाच कामावर, आणि दुभाष्याशी अबोला! अहवाल तो सोकोरोच्या हाती पाठवी. इंग्रजीत कुणाला काही विचारायचं असलं तर रोब्लेसला गाठून त्याच्या मोडक्या इंग्रजीवर भागवी. बैठकीत बाई बोलू लागल्या की तो खिडकीबाहेर बघे. कामं अडू लागली, रोब्लेस चिडू लागला. बसमध्ये मी एकदा म्हटलं, "बाई, माफी मागून टाका की."

"कशाची? मी खोटं बोलले का?" त्या फणकारल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "अर्थ बरोबर होता. चारचौघांत सांगायचा नव्हता." पण माफी मागितली नाही. त्यांचाही ताठा काही कमी नव्हता.

इथे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. भोंगा होतो आणि साइट ओस पडते. त्या दुपारी भोंगा झाला, माणसं सावलीला गेली, आणि रोब्लेसच्या केबिनमध्ये तो, बाई आणि मी वेळापत्रक घेऊन बसलो. टेबलावर वायरलेस होता. रोब्लेस काहीतरी आकडे सांगत होता, बाई मला भाषांतर करून देत होत्या.

वायरलेस खरखरला. "सोकोरो." पुरुषाचा आवाज, तुटका. पुन्हा, "सोकोरो."

आमच्यापैकी कुणी मानही वर केली नाही. इक्बालचा आवाज आला, "सोकोरो, साहेब बोलावतायत." मग तिचा: "येस सर, सोकोरो बोलतेय. काय पाहिजे, सर?"

"सोकोरो..."

"येस सर, मीच. गॅस्केट पाहिजे का?"

रोब्लेसने त्रासून हात लांब केला आणि आवाज बारीक करून टाकला. बाई पुढचं वाक्य सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. पेन्सिल हवेत तशीच राहिली.

"दोन्या कुठे गेलं?" त्या मराठीत म्हणाल्या.

"काय?"

"निकम, तो दोन तोमास होता. तो तिला दोन्या म्हटल्याशिवाय हाक मारत नाही." त्यांनी वायरलेस ओढून घेतला, आवाज मोठा केला. तिकडे सोकोरो अजून विचारत होती, "सर, नंबर सांगा, काय पाहिजे?" बाईंनी तिला मध्येच तोडलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं: दोन तोमास, कुठे आहात तुम्ही?

नुसती खरखर. मग एकच शब्द. "देन्त्रो."

"आत आहे," बाई म्हणाल्या. "तो टाकीच्या आत आहे." आणि त्या दाराबाहेर पडल्या. रोब्लेसचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती मदतीची हाक त्याच्या मातृभाषेतली होती.

मला त्या उन्हातून धावल्याचं आठवतं, आणि पुढे बाईंचे ते मोठे बूट खाडखाड वाजत असल्याचं. रोब्लेस मागून इक्बालला वायरलेसवर बचावपथक पाठवायला सांगत होता, किंचाळून, अर्धं स्पॅनिशमध्ये. दोन तोमास तपासत असलेली टाकी आडवी होती, घराएवढी. माणूस जाण्यापुरतं गोल तोंड होतं आणि त्यातून भट्टीसारखी झळ बाहेर येत होती. आत हवा सोडणारा पंखा भोंग्याबरोबर बंद झाला होता. तोंडाशी राखणीला असलेला माणूसही सगळे बाहेर आल्याची खात्री करून सावलीला गेला होता. दोन तोमास मात्र विसरलेली बॅटरी आणायला कुणाला न सांगता परत आत उतरला होता. शिडीवरून पाय सुटला आणि मांडीचं हाड मोडलं. त्या कुवेती दुपारी चहूबाजूंनी पोलाद तापत होतं.

बचावपथक यायला काही मिनिटं लागणार होती. सुरक्षा अधिकारी धावत आला आणि त्याने तोंडाशी वाकलेल्या बाईंचं जाकीट मागून धरून ठेवलं, कारण बाहेरच्यांनी अशा वेळी आत घुसायचं आणि आणखी एक जीव घालवायचा, हे त्याने पाहिलेलं होतं. "आत जायचं नाही, मॅडम! फक्त बोला! त्याला झोपू देऊ नका!"

बाई बोलू लागल्या. आधी "घाबरू नका, लोक येतायत" असंच काहीतरी असावं. आतून उत्तर येईना. त्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. मग त्यांनी तोंड आत घालून मोठ्याने एक वाक्य टाकलं, त्यात मला 'ग्वादाल्किवीर' एवढंच कळलं. हे त्याच्या मुलखातल्या नदीचं नाव मी बसमध्ये ऐकलं होतं: अरबांचा वादी अल-कबीर, मोठी नदी. तिथलं बोलणं मला नंतर बाईंकडूनच नीट कळलं: त्यांनी त्याला सांगितलं की ग्वादाल्किवीर म्हणजे लहानसा ओढा.

आत काहीतरी हललं. "नो..." आवाज आला. "ग्रान्दे." म्हणजे मोठी.

"छे, लहान!" बाई ओरडल्या. "ओढाच तो!"

"ग्रान्दे, सेन्योरा... ग्रान्दे."

मग त्या थांबल्याच नाहीत. एकामागून एक शब्द घेत गेल्या आणि प्रत्येकाचा धडधडीत चुकीचा अर्थ सांगत गेल्या. साखर म्हणे फ्रेंचांनी दिली. नारिंग म्हणे रोमचं. तो आतून दर वेळी दुरुस्त करी, कधी एका शब्दात, कधी नुसत्या हुंकारात. एकदा बराच वेळ उत्तर आलं नाही, तेव्हा बाईंनी त्याच्या गावाच्या नावाचा असा काही भयंकर अर्थ सांगितला की पलीकडून चक्क शिवी आली. अर्थासाठी माणसाचा चहा अडवून धरणाऱ्या त्या बाईंना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं जाणूनबुजून खोटा अर्थ सांगताना ऐकलं. गालांवरून घाम वाहत होता की अश्रू, कळत नव्हतं. पथक आत उतरेपर्यंत त्या बोलत होत्या. त्याला पट्ट्यांनी बांधून बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "निकम, पाणी."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांच्याबरोबर मी गेलो. पायाला वजन बांधून तो पडला होता. बाईंनी खुर्ची ओढली नाही, उभ्यानेच माफी मागितली. तो छताकडे पाहत सावकाश बोलू लागला. परतताना बसमध्ये बाईंनी मला ते सांगितलं. त्याच्या पणजोबाला कुणीतरी मठाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. आडनाव बदलता आलं असतं, पण घरात कुणी बदललं नाही. तो म्हणाला होता, "ह्या नावात ठेवून जाणाऱ्याची गोष्ट तेवढी आहे. उचलून घेणारीची नाही. ती आम्हाला सांगावी लागते. तुम्ही मला संधीच दिली नाहीत."

"मी संधीच दिली नाही," बाई पुन्हा म्हणाल्या.

आठवड्यात चौकशी बसली. रिफायनरीचा एक कुवेती अधिकारी समोर, एका बाजूला रोब्लेस, दुसऱ्या बाजूला इक्बाल. टोपी हातात घेऊन तो भिंतीशी उभा होता. आत येण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "निकमसाहेब, मी काय मुद्दाम केलंय का हो? तिचंच नाव ऐकलं, तिलाच जोडून दिलं. दोन पोरी शाळेत आहेत माझ्या. इकामा गेला तर काय करू?" इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो नोकरीला बांधलेला असतो.

रोब्लेसने स्पॅनिशमध्ये निवेदन केलं. रेडिओवर बसलेल्या माणसाने मदतीची हाक ओळखली नाही, त्यामुळे मोलाचा वेळ गेला. कंपनी त्याला सेवेतून कमी करत आहे. बाईंनी एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत सांगितलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"हे त्यांचं वाक्य झालं. आता माझं सांगते."

"सेन्योरा, तुम्ही इथे भाषांतरासाठी आहात," रोब्लेस म्हणाला.

"ते केलं. आता मी साक्षीदार आहे." त्यांचा बारीक आवाज थोडा कापत होता. "ती हाक आम्हीही ऐकली. मी हा शब्द जन्मभर शिकवला, तरी पहिल्या वेळी मी भाषांतरच करत बसले. सेन्योर रोब्लेस आईच्या दुधाबरोबर हा शब्द शिकले, आणि त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला. आम्हा दोघांना अर्थ ठाऊक होता. इक्बालला कुणी सांगितला होता? मीच त्याच्यासमोर ह्या नावावर विनोद केला होता. काढायचं असेल तर अर्थ ठाऊक असलेल्यांना आधी काढा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथे होतात?"

माझाही इकामा त्याच कंपनीच्या हातात होता. रोब्लेस माझ्याकडे बघत नव्हता. "होतो," मी म्हटलं. "मॅडम सांगतात तसंच घडलं."

अधिकारी रोब्लेसकडे वळला. रोब्लेसने चष्मा काढला, डोळे चोळले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आवाज मी बारीक केला होता."

इक्बालची नोकरी राहिली. बाईंना मात्र महिनाअखेरीस कळवण्यात आलं की काम संपत आलं असून दुभाष्याची गरज उरलेली नाही. त्यांनी ते पत्र माझ्यासमोर वाचलं. "व्याकरण बरोबर आहे," म्हणाल्या आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पण बाई जाण्यापूर्वी त्या कुवेती अधिकाऱ्याने त्यांच्याकडून एक काम करून घेतलं. सकाळी कामावर जायच्या आधी सगळी माणसं पटांगणात उभी असताना, प्रत्येकाने आपल्या भाषेत मदतीची हाक मारून दाखवायची, आणि बाकीच्यांनी ती ऐकून ठेवायची. बाई लाकडी फळ्यांच्या ढिगावर चढून उभ्या राहिल्या. समोर शे-दोनशे माणसं: तेलुगू, मल्याळी, बंगाली, फिलिपिनी, इजिप्तचे मिसरी. बाईंनी सांगितलं, ओरडा. कुणी ओरडेना. पुरुषमाणसं एकमेकांकडे बघून हसत होती, बुटांनी वाळू उकरत होती.

तेव्हा बाईंनी हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या, "वाचवा! वाचवा हो!"

हसणं तिथल्या तिथे थांबलं. माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर मराठी ऐकली होती, पण घरात, फोनवर, गणपतीत. अशी कधी ऐकली नव्हती.

मग एक मल्याळी फिटर ओरडला. मग एक बंगाली. मग मिसरी वेल्डर, मग मखजनातली सोकोरो तिच्या भाषेत. केबिनच्या दारात उभा असलेला रोब्लेस पुढे आला आणि त्याच्या भाषेत ओरडला, आणि परत जाऊन दारात उभा राहिला. प्रत्येक हाकेनंतर बाई मान हलवत होत्या. इक्बाल शेवटच्या रांगेत होता. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

"बाई, लाज वाटते."

"वाटू दे. ओरड."

तो ओरडला. पहिल्यांदा फुटका, दुसऱ्यांदा खणखणीत, पार टाक्यांपर्यंत पोचेल असा.

"ऐकू आलं," बाई म्हणाल्या. "जा आता, कामाला लागा."